योर्गेन्सनांच्या दारातलं चाक

थेन योर्गेन्सनच्या घरापुढे टपालपेटीला टेकून एक लाकडी चाक उभं असतं. बारा आऱ्यांचं, दर वसंतात वॉर्निश पिऊन तुकतुकीत होणारं. खाली पितळी पट्टी ठोकलेली आहे : 'जेन्स योर्गेन्सन, १८५७. तेराशे मैल, पायी.' आमच्या खोऱ्यात असली इस्टेट घरोघरी आहे. युटात राहायचं आणि घरात पायोनियरांची, म्हणजे रेल्वेच्या आधी मैदानं तुडवून इथे वसायला आलेल्या पूर्वजांची, एकही वस्तू नाही म्हणजे लोक विचारात पडतात. कुणाकडे लोणी घुसळायचा रांजण आहे, कुणाकडे गंजलेला फाळ. आमच्याकडे एक भोक पडलेली किटली आहे, आणि ते भोक कसं पडलं याच्या दोन गोष्टी आहेत. पाहुणा बघून कुठली सांगायची ते ठरवतो. पण हातगाडीचं चाक अख्ख्या गल्लीत एकट्या थेनकडे, आणि तो ते आम्हांला विसरू देत नाही.

थेनचा धंदा लोकांच्या घरातल्या भट्ट्या आणि एसी दुरुस्त करण्याचा. म्हणजे हाताने माणसाला हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा करून द्यायचा, आणि तोंडाने सारखे खापरपणजोबांचे हाल सांगायचे. तुमच्या तळघरात तो भट्टीखाली आडवा झाला की पायाकडून आवाज यायला लागे : जेन्स डेन्मार्कहून आले, हातगाडीला स्वतःला जुंपून मैदानं तुडवली, वाटेत बर्फ पडला, पीठ संपलं, तेव्हा बूट उकळून खाल्ले. आधी डावा, मग उजवा, कारण उजव्याचं कातडं जरा बरं होतं आणि चांगली गोष्ट शेवटी ठेवायची असते. भट्टी चालू होईपर्यंत जेन्स खोऱ्यात पोचलेले असत. दर चोवीस जुलैला, पायोनियरांच्या दिवशी, थेन मिरवणुकीत एक हातगाडी ओढतो आणि चेहरा असा करतो की रस्त्याकडेची लहान पोरं घाबरून आईला बिलगतात.

तर या थेनची मुलगी ब्रिन्ली चौथीत गेली. आमच्याकडे चौथीची मे महिन्यातली सहल ठरलेली : घाटापलीकडच्या पायोनियरांच्या गावात जायचं, जुने कपडे घालायचे, दगडासारखी बिस्किटं चावायची आणि टेकडीवर हातगाड्या ओढत न्यायच्या. माथ्यावर एक कापलेला बुंधा आहे. प्रत्येक गाडीचा कप्तान त्याच्यावर उभा राहून आपल्या पूर्वजाची गोष्ट सांगतो, आणि मग सगळ्यांना फिती मिळतात. ज्याचे पूर्वज रेल्वे यायच्या आधी आले त्याला निळी, बाकीच्यांना पांढरी.

सोबत पालक लागतात. थेननं नाव द्यायला एक मिनिटसुद्धा लावलं नाही.

"मम्मी नाही येऊ शकत?" ब्रिन्लीनं विचारलं.

"मम्मीला त्या दिवशी दवाखान्यात लोकांचे दात घासायचेत," थेन म्हणाला. "शिवाय मम्मीचे पूर्वज कोण? ओरेगनहून मोटारीनं आलेले."

"ऐकू येतंय मला," त्याची बायको शॅलीस स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि मोटार चांगली होती."

ब्रिन्लीनं मग तीन अटी घातल्या. बसमध्ये गायचं नाही. सगळ्यांसमोर 'चिमणे' म्हणायचं नाही. आणि बसताना तिसऱ्या रांगेच्या मागे यायचं नाही, कारण मागे ती आणि तिची मैत्रीण लोसा बसणार. थेननं तिन्ही मान्य केल्या. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी शाळेच्या दारात त्याच्या गळ्यात पडत असे. आता दारापासून शंभर पावलांवर गाडी थांबवायला लावते. हे आणखी किती वाढणार, याची त्याला मनातून धास्ती होती.

म्हणूनच त्याची सारी भिस्त जेन्सवर होती. वर्गशिक्षिका बॅरसबाईंनी ब्रिन्लीला एका गाडीचं कप्तान केलं होतं, कारण चाक बाईंनीही येताजाता पाहिलेलं. आता ब्रिन्ली म्हणजे उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी. थेननं तिच्यासाठी दोन पानी भाषण लिहिलं, त्यात बर्फ घातला, लांडगे घातले, बूट तर घातलेच. तीन आठवडे ती ते दात घासताना पाठ करत होती. बूट पेस्टच्या फेसातून यायचे. थेन दाराआड उभा राहून ऐकायचा. त्याचा हिशेब असा, की एकदा पोरगी त्या बुंध्यावर उभी राहून सगळ्या वर्गापुढे योर्गेन्सनांची गोष्ट बोलली, सगळ्यांनी आ वासला, की बापाची लाज वाटायचा काळ निदान सातवीपर्यंत तरी पुढे ढकलला जाईल.

सहलीच्या दिवशी थेननं मिरवणुकीतली विजार चढवली. ती शिवली तेव्हा तो एकशे नव्वद पौंडांचा होता. आता दोनशे साठ. बटणं एकमेकांच्या दृष्टिपथात होती इतकंच. सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांनी घेतला. डोक्याला गवती हॅट, गळ्यात रुमाल, आणि काखेत गोधडीत गुंडाळलेला एक भला मोठा गार सोड्याचा पेला, नारळाचं सरबत घातलेला. सहलीला एकही आधुनिक वस्तू आणायची नाही असा नियम होता, पण थेनला वाटलं, जेन्सना बर्फ भरपूर मिळाला होता, मला थोडा चालेल. गावात पोचल्याबरोबर त्यानं गोधडी ब्रिन्लीच्या हातगाडीत तळाशी सरकवली आणि निष्पाप चेहऱ्यानं आभाळाकडे बघत उभा राहिला.

तेवढ्यात लाकडी ओंडक्यांच्या घराच्या दारातून हाक आली. "थेन योर्गेन्सन. इकडे ये."

दारात सिस्टर एल्डोरा पील उभ्या होत्या; आमच्या चर्चमध्ये सगळ्या बायका सिस्टर आणि सगळे पुरुष ब्रदर. वय एक्याऐंशी, कडक इस्त्रीची टोपी, हनुवटीखाली तिची गाठ. खोऱ्यात कोण कधी कुठल्या काफिल्याबरोबर आलं त्याच्या वह्या त्यांच्याकडे असतात, आणि आमच्याकडचे भलेभले त्यांच्यासमोर बोलताना हॅट काढतात.

"तुझा फॉर्म आला नाही," त्या म्हणाल्या. "दोन आठवड्यांपूर्वी मागवला होता. पूर्वजाचं नाव आणि साल."

"फॉर्म कशाला, सिस्टर पील? आमच्याकडे चाक आहे."

"चाक माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यालाही आहे. बस."

थेन बसला. विजारीनं थोडी कुरकुर केली. सिस्टर पीलनी फळीवरून एक जाडजूड वही काढली.

"जेन्स योर्गेन्सन," थेन ऐटीत म्हणाला.

"कितवा?"

"कितवा म्हणजे?"

"एकतीस आहेत. बायकोचं नाव?"

"मारेन."

"मारेनवाले अकरा. थोरल्या मुलाचं नाव?"

"जेन्स."

सिस्टर पीलनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "त्याचा काही उपयोग नाही. धंदा?"

"सुतार. आपल्या चर्चची जुनी दारं त्यांचीच."

"हां, तो." त्यांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. जिथे थांबायला हवं होतं तिथे त्या थांबल्या नाहीत. सत्तावन्न साल मागे पडलं, साठ मागे पडलं. थेनला वाटलं, म्हाताऱ्या बाईला दिसत नसावं. "हा बघ. जेन्स योर्गेन्सन, सुतार, बायको मारेन, पाच मुलं, एक पिसांची गादी, एक भिंतीवरचं घड्याळ. सप्टेंबर अठराशे एकोणसत्तर. ऑग्डेनपर्यंत आगगाडीनं."

थेन हसला. दुसऱ्याचं तिकीट आपल्या हातात पडावं तसं हसला. "लिहिण्यात चूक असणार."

"लिहिलंय त्यानं स्वतः. डायरी आहे त्याची. रूळ मे महिन्यात जोडले गेले, हा चार महिन्यांनी आला." आमच्याकडे चार महिने म्हणजे काय ते सांगायला नको. एप्रिलमध्ये जो आला तो पायोनियर, त्याच्या नावाचा दगड चौकात. सप्टेंबरमध्ये जो आला तो प्रवासी.

"डायरीत... बर्फाबद्दल काही?"

"'बाक कडक आहे. धाकटा सारखा रडतो,'" सिस्टर पील वाचू लागल्या. "'ओमाहाच्या पुढे एका स्टेशनवर उकडलेली अंडी घेतली. सहातलं एक नासकं निघालं. ते मी खाल्लं. दिवसभर पोट बिघडलं.'"

"आणि बूट?" थेनचा आवाज बारीक झाला. "बुटांबद्दल असेल बघा काहीतरी."

त्यांनी एक पान मागे उलटलं. "आहे की. 'शिकागोला नवे बूट घेतले. चावतात.'"

 इतकी वर्षं घराण्यानं सांगितलं की जेन्सनी बूट खाल्ले, आणि प्रकरण नेमकं उलटं निघालं होतं.

"मग ते चाक कुठून आलं?" अखेरचा ओंडका धरावा तसं त्यानं विचारलं.

सिस्टर पीलनी एक फोटो पुढे सरकवला. अठराशे सत्त्याण्णवची गावातली मिरवणूक. बासष्ट वर्षांचा, आखूड दाढीवाला जेन्स हातगाडीच्या आडव्या दांड्याला छाती लावून झुकला होता, डोळे वर, तोंड वेडंवाकडं. "मिरवणुकीसाठी त्यानंच बनवली होती ती गाडी. सुतारच तो. बेकरीपासून चर्चपर्यंत ओढली, तीन गल्ल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी त्यानं दाढीही वाढवली आणि गोष्टही."

थेन फोटोकडे बघत राहिला. त्या चेहऱ्यावर तेराशे मैलांचे हाल होते. तो चेहरा त्यानं चांगला ओळखला, कारण दर चोवीस जुलैला तो स्वतः आरशासमोर तोच बसवत असे. डायरीबद्दल शंका घेता आली असती, पण हा गृहस्थ आपला खापरपणजोबा आहे याबद्दल आता काही शंका उरली नव्हती.

"फीत पांढरी," सिस्टर पील म्हणाल्या आणि एका चिठ्ठीवर नोंद उतरवून त्याच्या हातात दिली. "मुलीला सांगून ठेव. वर भाषण झालं की मी प्रत्येकाची नोंद मोठ्यानं वाचते आणि मग फीत लावते."

"या वर्षी आमची जरा... हळू वाचली तर?"

"तीस वर्षं वाचते आहे मी. तुझी आई माझ्या रविवारच्या वर्गात होती, थेन. तीही अशाच सवलती मागायची."

थेन चिठ्ठी हॅटमध्ये खोचून बाहेर आला. आता गोष्ट साधी होती. पोरगी बुंध्यावर उभी राहून बूट खाल्ल्याचं सांगणार, आणि तिचे शेवटचे शब्द हवेत असतानाच म्हातारी पिसांची गादी वाचणार. जी मुलगी वर्गात हात वर करत नाही ती पुन्हा कधी तोंड उघडेल? आणि ते भाषण तिचं नव्हतंच, बापानं तोंडात कोंबलेलं होतं. आत्ता जाऊन तिला सांगायला हवं. पण सांगायचं म्हणजे 'डॅडीला काही माहीत नव्हतं' हेही सांगायचं, आणि ते वाक्य कुठल्या बाजूनं सुरू करावं याचा विचार करत तो इतका हळू चालला की पोचेपर्यंत रांगा लागल्या होत्या.

"या, ब्रदर योर्गेन्सन, तुमच्यासाठीच थांबलोय," बॅरसबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात टोपी आणि टोपीत चिठ्ठ्या होत्या. वाटेत कोणावर काय प्रसंग येतो ते आधी चिठ्ठीनं ठरवायचं, हा त्या सहलीचा रिवाज. हडसन नावाच्या लालबुंद पोराला 'तुमचे चमचे हरवले' आलं होतं आणि तो चमच्यांसाठी मोठ्यानं रडून दाखवत होता. लोसाला खोकला आला होता. थेननं मुलीकडे बघतच चिठ्ठी उचलली.

बाईंनी ती वाचली. "'पाय मोडला. ताप चढून शुद्ध गेली. गाडीत झोपा. बाकीच्यांनी माथ्यापर्यंत ओढून न्यावे.'"

ब्रिन्लीच्या गाडीची पाच पोरं थेनकडे बघू लागली. वरपासून खालपर्यंत, आणि मग रुंदीला.

"बाई," हडसन म्हणाला, "यांना मेलेलं नाही का चालणार? मेलं की इथेच ठेवून जाता येतं."

"चिठ्ठी ती चिठ्ठी," बाई म्हणाल्या.

पोरांनी पिठाची म्हणून ठेवलेली वाळूची पोती उतरवली आणि थेनला चढवलं. गाडी कण्हली. थेन गोधडीवर आडवा झाला तर पाठीखाली पेला. त्यानं तो हळूच कुशीत घेतला. गाडी निघाली.

"ब्रिन्ली," तो पहिल्या वळणावर कुजबुजला. "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"डॅडी, तू बेशुद्ध आहेस."

"एक मिनिट शुद्धीवर येतो."

"चिठ्ठीत तसं नाहीये."

"महत्त्वाचं आहे, चिमणे."

दांड्याशी असलेल्या ब्रिन्लीची मान लाल झाली. हडसननं 'चिमणे' असं दोनदा चाखून बघितलं. थेननं डोळे मिटून घेतले. अट मोडली होती, निरोप पोचला नव्हता, आणि पुढे चढ सुरू झाला होता.

झोपून असल्यामुळे त्याला वरचं आभाळ दिसत होतं आणि मान वाकडी केली की मुलीची पाठ. टोपी मागे पडली होती, वेणी घामानं चिकटली होती. "दगड आहे, डावीकडे घ्या," ती म्हणत होती. "लोसा, मागून रेट. हडसन, चमचे नंतर शोध, आधी ढकल." हा आवाज थेननं घरी कधी ऐकला नव्हता. एवढी वर्षं तो हिला पुढे ढकलत होता, आणि ही पुढे होतीच. फक्त त्याच्यासमोर बोलत नव्हती, कारण त्याच्यासमोर कोणाला बोलायला जागाच मिळत नसे. त्याच्या मनात आलं, योर्गेन्सनांच्या सबंध घराण्यात चढावर हातगाडी खरोखर ओढणारी ही पहिली. आणि सामान कोण, तर बाप. तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं, पेला कलंडला आणि नारळाचा सोडा त्याच्या मानेवरून पाठीकडे वाहत गेला. बेशुद्ध असल्यामुळे त्याला ओरडता आलं नाही.

माथ्यावर सगळे बुंध्याभोवती बसले. सिस्टर पीलना कोणीतरी चारचाकीतून वर आणलं होतं. त्या मांडीवर वही आणि शेजारी फितींची पेटी घेऊन बसल्या. पहिल्या दोन गाड्यांच्या गोष्टी झाल्या, नोंदी वाचल्या गेल्या, निळ्या फिती लागल्या. मग ब्रिन्ली बुंध्यावर चढली.

"माझ्या डॅडींचे खापरपणजोबा जेन्स योर्गेन्सन," तिनं सुरुवात केली. आवाज थरथरत होता पण शब्द एकही चुकला नाही. "अठराशे सत्तावन्न साली ते हातगाडी घेऊन निघाले. त्या वर्षी हिवाळा लवकर आला."

सिस्टर पीलनी वही उघडली. बोटाला थुंकी लावली.

आता लांडगे येणार आणि लांडग्यांच्या मागोमाग बूट, हे थेनला पाठ होतं; त्यानंच लिहिलं होतं. तो गाडीत उठून बसला. पाठीला शर्ट चिकटलेला, हॅटमध्ये चिठ्ठी, हातात रिकामा पेला.

"थांब," तो म्हणाला. "शुद्धीवर आलो."

"ब्रदर योर्गेन्सन, तुमचा पाय," बॅरसबाई म्हणाल्या.

"पाय ठीक आहे, बाई. भाषण मोडलंय. आणि ते मी लिहिलंय, तिनं नाही. ती फक्त पाठ करते आहे, तेही तुम्ही शिकवलेल्या पाढ्यांपेक्षा बरं." पोरं हसली. थेनला हसणं नेहमी आवडतं, पण या वेळी त्यानं ते ओलांडून पुढे जायचं ठरवलं. "जेन्स हातगाडीनं आले नाहीत. आगगाडीनं आले. बायको, पाच मुलं आणि पिसांची गादी घेऊन, बसून आले. लांडगे नव्हते. असलेच तर खिडकीतून दिसले असतील. बर्फ मी घातला. बूट आमच्या आजोबांनी घातले असावेत. दारातलं चाक मिरवणुकीतल्या गाडीचं आहे, ती तीन गल्ल्या चालली. हे मला आज सकाळी कळलं, आणि सकाळपासून मी ते हॅटमध्ये घेऊन फिरतोय."

 एवढा मोठा माणूस एवढ्या लहान गाडीत बसून कबुली देतो आहे हे बघायची सवय चौथीला नव्हती.

"म्हणजे तुमचे खापरपणजोबा बसून आले," हडसन सावकाश म्हणाला, "आणि तुम्ही पण बसूनच आलात."

"घराण्याची रीत आहे," थेन म्हणाला.

"मग त्यांना काहीच त्रास नाही झाला?"

"झाला ना. स्टेशनवर अंडी घेतली. सहातलं एक नासकं निघालं. ते त्यांनी खाल्लं. दिवसभर पोट बिघडलं."

हे मात्र पोरांना पटलं. बूट कोणी खाल्लेले नसतात, नासकं अंडं प्रत्येकाच्या ओळखीचं असतं. "डब्यात वास आला असेल." "संडास होता का आगगाडीत?" "त्यांनी ते थुंकलं का नाही?" प्रश्न सुरू झाले. आधीच्या दोन गोष्टींतल्या शूर पूर्वजांना एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"माझे आजोबा टोंगाहून विमानानं आले," लोसा मध्येच म्हणाली. "त्यांनाही जेवण आवडलं नव्हतं. अजून सांगतात."

ब्रिन्ली बुंध्यावर तशीच उभी होती. ना रडत होती ना हसत होती. मग खाली उतरली आणि बापाकडे न बघता लोसाशेजारी जाऊन बसली. सिस्टर पीलनी शांतपणे नोंद वाचली, गादीसकट, घड्याळासकट, आणि तिला पांढरी फीत लावली. लोसाला पांढरी. मग पेटीत हात घालून तिसरी पांढरी त्यांनी थेनच्या ओल्या शर्टाला टोचली.

"ती चढावर मला ओढत आली, सिस्टर पील," थेन हळूच म्हणाला. "दोनशे साठ पौंड. त्याला काही नाही?"

"नियम एकोणसत्तर सालचा आहे," त्या म्हणाल्या.

उतरताना थेननं गाडी एकट्यानं घेतली. तेवढी शिक्षा त्याला रास्त वाटली. पन्नास पावलांवर विजारीची एक पट्टी तुटली. उरलेली टेकडी त्यानं एका हाताने गाडी आणि एका हाताने अब्रू धरून पार केली. चेहऱ्यावर आपोआप तो मिरवणुकीतला भाव आला, आणि या वेळी तो अजिबात बसवलेला नव्हता. बघायला मात्र कोणी नव्हतं. पोरं पुढे पळाली होती, ब्रिन्ली सगळ्यांच्या पुढे.

बसमध्ये तो तिसऱ्या रांगेत बसला. गायला नाही. मागून अंड्यांच्या गोष्टी ऐकू येत होत्या. घाट अर्धा उतरला तेव्हा शेजारची जागा हलली. ब्रिन्ली येऊन बसली होती, समोर बघत.

"गाडीत तू मला हेच सांगत होतास?"

"हो."

"आणि मी बेशुद्ध राहा म्हटलं."

"तुझं बरोबर होतं. चिठ्ठीत तसंच होतं."

थोडा वेळ ती फितीचं टोक गुंडाळत राहिली. "मला ते बूट कधी खरेच वाटले नव्हते," ती म्हणाली. "आधी डावा खातात, मग उजवा. एक खाल्ल्यावर चालत कोण असेल?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न आम्हां शेजाऱ्यांपैकी कोणाला सुचला नव्हता. थेनलाही नाही.

"मग पाठ कशाला केलंस?"

"तू दाराबाहेर उभा असायचास ना. दाराखालून पाय दिसायचे." तिनं फीत सोडली, ती पुन्हा उलगडली. "अंड्याचं चांगलं आहे पण. मी चोवीस जुलैला आजीकडे सगळ्यांना सांगणार आहे. सहा अंडी होती?"

"सहा."

"बारा म्हणूया."

"डायरीत सहा आहेत, ब्रिन्ली."

"बरं, सहा. पण त्यांनी ते मुलांसाठी खाल्लं. म्हणजे त्यांना वास आला होता, कळलं होतं नासकं आहे, पण मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्यांनी पटकन खाल्लं." तिचे डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर लागले होते, जणू तिथे आगगाडी दिसत होती. "आणि पोट किती दिवस बिघडलं होतं?"

"एक दिवस."

"तीन म्हणूया."

थेननं खिडकीबाहेर पाहिलं. बापानं इथे काय बोलायला हवं ते त्याला स्वच्छ कळत होतं. पण खरं बोलायला लागून त्याला उणापुरा अर्धा दिवस झाला होता, अजून अंगवळणी पडलं नव्हतं. आणि ती त्याच्या शेजारी बसली होती.

"दोन," तो म्हणाला.